घरी नसलेली पानं

पुएर्तो करान्दाइत दुपारच्या जेवणानंतर कोणी कोणाच्या फाटकाशी टाळ्या वाजवत नाही. एरवी वाजवतात. दाराला घंटी असली तरी तिच्यावर विसंबायचं नसतं, माणूस फाटकाशी उभा राहून टाळ्या मारतो आणि आतून कोणीतरी "आले, आले!" म्हणत एप्रनला हात पुसत येतं. पण सिएस्ताच्या, म्हणजे दुपारच्या झोपेच्या, वेळी टाळी वाजवणारा एक तर पोलीस असतो नाहीतर परगावचा, आणि गाव दोघांनाही सारखंच ओळखतं. शहाणा माणूस फाटकावरून नजर टाकतो, अंगणात हालचाल नसेल तर आल्या पावली परत जातो. कोणी विचारलंच तर सांगतो, "गेलो होतो, भेट नाही झाली." यात कोणाचा अपमान होत नाही.

एलीदा इन्साउराल्दे याच गावात वाढली. ब्युनोस आइरेसला शिकली, यंत्रांच्या अगदी गाभ्यात हात घालायचं काम शिकली, आणि वडिलांकडे बघायला कोणी नाही म्हणून परत आली. निदान ती तसं सांगते. राजधानीत दुपारी झोपू देत नव्हते, हे दुसरं कारण ती सांगत नाही, पण परत आल्यापासून तिची तब्येत बघता तेच पहिलं असावं.

तिच्या हत्याराचं नाव मैनुंबी. इथल्या गुआरानी भाषेत मैनुंबी म्हणजे तो चिमुकला पक्षी, जो फुलासमोर हवेत उभा राहतो, एक घोट घेतो आणि दिसेनासा होतो. चालत्या मशीनमध्ये वेळ कोण खातंय हे शोधायचं असेल तर मैनुंबी सोडायचा. तो सेकंदाला शेकडो वेळा मशीनला टिचकी मारून थांबवतो. त्या क्षणी कोणता प्रोग्राम काम करत होता आणि त्याला त्या कामाला कोणी लावलं होतं, एवढं बघतो आणि सोडून देतो. सगळे घोट एकत्र केले की चित्र उभं राहतं: ज्याची पट्टी रुंद, तो वेळखाऊ.

अवघड जागा एकच. कोणी कामाला लावलं, हे त्या प्रोग्रामच्या स्वतःच्या स्मृतीत लिहिलेलं असतं. ती त्याचं घर. मैनुंबी मशीनच्या गाभ्यातून, म्हणजे सगळ्यांना जागा आणि वेळ वाटून देणाऱ्या मूळ प्रोग्राममधून, चालतो. गाभ्याकडे सगळ्या घरांच्या किल्ल्या असतात, आणि एलीदाच्या मते ज्याच्याकडे सगळ्या किल्ल्या असतात त्यानेच जास्त जपून पाऊल टाकावं. कारण प्रोग्रामच्या स्मृतीची सगळी पानं नेहमी घरी नसतात. जागा कमी पडली की गाभा काही पानं उचलून डिस्कवर ठेवून देतो, लागतील तेव्हा आणू म्हणून. अशा न-असलेल्या पानाला मैनुंबीने हात घातला तर काय करायचं? एलीदाने ठरवून ठेवलं होतं: पान नाही, तर नाही. तिथे एक करडी खूण करायची आणि पुढे जायचं.

त्या करड्या खुणांनीच सगळी गडबड केली.

*

नदी-कचेरीचं मशीन पाराना नदीवर नजर ठेवतं. वरच्या गावांतून पाण्याची उंची येते, मशीन हिशोब करतं आणि काठावरच्या घरांत फोनवर घंटा वाजवतं: निघा. गेल्या खेपेला पाणी चढलं तेव्हा घंटा पाऊण तास उशिरा वाजली. एलीदाचे वडील डॉन क्रिस्पीन नदीकाठच्या सखल भागात, अगदी शेवटच्या घरात राहतात. आयुष्यभर होड्या बांधल्या, आता दहा कोंबड्या सांभाळतात, आणि म्हातारपणी पाण्यापासून दोन पावलं लांब जायची गोष्ट काढली की रागावतात.

"तुझी घंटा वाजली," ते फोनवर म्हणाले होते, "तेव्हा पाणी माझ्या सपातांत होतं. मी घंटेला म्हटलं, बसा, आलाच आहात तर."

"पपा, नदीकडे बघून निघायचंत ना तुम्ही."

"जन्मभर नदीकडेच बघत होतो. तू म्हणालीस, आता घंटेकडे बघा. आता म्हणतेस, नदीकडे बघा. एक काय ते ठरव पोरी, माझी मान दुखते."

हसून झाल्यावर एलीदाला कळलं की त्या वेळी ते कसे निघाले हे त्यांनी सांगितलंच नव्हतं. ते नंतर तिला नाववाल्या साबिना माइदानाकडून समजलं. साबिनाने त्यांना टेबलावरून उचललं होतं.

आणि आता वर धरणांपलीकडे भरपूर पाऊस झाला होता. मोठं पाणी निघालं होतं. आठवडाभरात ते करान्दाइला पोचणार होतं.

*

नदी-कचेरीचे प्रमुख लिसेन्सिआदो, म्हणजे पदवीधर, ओविदिओ रुइदियास. आधी शाळेत इतिहास शिकवायचे. गावचा इन्तेंदेन्ते, म्हणजे नगराध्यक्ष, त्यांचा मेहुणा, तेव्हा नेमणूक कशी झाली हे कोणी विचारत नाही. उत्तर सगळ्यांना पाठ आहे. माणूस वाईट नाही. कामापेक्षा कामाची छायाचित्रं जास्त आवडतात, एवढंच.

एलीदाने अहवाल त्यांच्यासमोर ठेवला. लाल, पिवळ्या, हिरव्या पट्ट्या, आणि मध्ये मध्ये करडे ठिपके, जसा एखाद्या पोंचोला कसर लागावी.

"हे काय?" लिसेन्सिआदोंनी करड्यावर बोट ठेवलं.

"तिथे पान घरी नव्हतं. मैनुंबीने बघितलं, मिळालं नाही. म्हणून, माहीत नाही."

"माहीत नाही हे ऐकायला मला मशीन कशाला हवं? मेहुणा आहे माझा."

"लिसेन्सिआदो, खोटं लिहिण्यापेक्षा..."

"खोटं लिही असं कोण म्हणालं? पूर्ण लिही म्हणालो. चिपाच्या पावाला भोक असलेलं चालतं, अहवालाला नाही. हे बघ, मोठं पाणी येतंय. तोवर मला कारण सापडलं नाही तर मी घंटा बंद करणार, आणि होडीवर भोंगा बांधून साबिनाला फिरवणार. भोंगा निदान कधी वाजतोय ते दिसतं."

ते बोलले त्यात चूक नव्हती. पण काठावरची घरं लांबच लांब पसरलेली, होडी एक, आणि शेवटचं घर डॉन क्रिस्पीनचं. भोंगा तिथे पोचेपर्यंत काय होईल हे एलीदाने मनात मांडून पाहिलं आणि तो विचार मिटून ठेवला.

ती जागेवर आली तेव्हा फाब्रिसिओ मेसा तेरेरेचा गार पेला हातात घेऊन वाट बघत होता. फाब्रिसिओ तिच्याहून बराच लहान, हुशार, आणि आपण हुशार आहोत ही बातमी त्याच्यापर्यंत जरा लवकर पोचलेली.

"चे एलीदा," इथल्या सगळ्यांसारखी 'चे' लावून त्याने हाक मारली, "भोकं बुजवली मी."

"कशी?"

"पान घरी नसेल तर बोलावून घ्यायचं. डिस्कवरून येईपर्यंत मैनुंबीने दारात थांबायचं. आलं की वाचायचं. माझ्या मशीनवर आठवडाभर चालवलं. एकही करडा ठिपका नाही!" त्याने पेला तिच्या हातात दिला. "नदीच्या मशीनवर चढवू? आजच?"

एलीदाने तेरेरेचा घोट घेतला. नाही म्हणायला हवं होतं, आणि तोंडात बर्फ होता. खरं सांगायचं तर बर्फ नुसतं निमित्त होतं. पूर्ण चित्र, एकही भोक नाही, आणि ते मोठं पाणी यायच्या आधी. कोणाला नको होतं?

"सिएस्तानंतर बघू," ती म्हणाली.

*

कचेरीमागच्या अंगणात लापाचोच्या झाडाला हॅमॉक बांधलेला असतो. झाड फुलावर होतं; गुलाबी फुलं खाली पडताना आवाज करत नव्हती, की करत होती आणि गाव ऐकत नव्हतं. एलीदा आडवी झाली. नदीकडून गरम, गोडसर वास येत होता. डोळे मिटले की उघडे आहेत याचा हिशोब लागेनासा झाला, तेव्हा ती उठली आणि चालायला लागली.

गाव तेच होतं, पण थांबलेलं. एक बाई अंगणात पाणी फेकत होती आणि पाणी हवेत तसंच उभं होतं, काचेच्या पंख्यासारखं. एक कुत्रा जांभईच्या मधोमध. चर्चच्या कबुतरांनी उडायला पंख उचलले होते आणि ते तसेच ठेवले होते. एलीदाने आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. मूठ मिटलेली होती आणि आत काहीतरी धडधडत होतं. तिला कळलं, गावाची वेळ आपल्या मुठीत आहे. आपण चालतोय तोवर दुसरं कोणी हलणार नाही. म्हणून आपण पटकन जायचं, पटकन यायचं.

ती एका फाटकाशी आली. तिला एवढंच विचारायचं होतं: तुम्हाला कामाला कोणी लावलं? घर स्वच्छ होतं, दोरीवर कपडे होते, माणूस नव्हतं. फाटकावर कोणीतरी लिहून ठेवलं होतं, बेटावर गेलोय, बोलावलंत तर येऊ.

तिने बोलावलं आणि कठड्यावर बसली.

बसून राहिली. कोणी येईना. फाटकाच्या लोखंडावर शेवाळ चढलं, मग तिच्या चपलेवर चढलं. तिने नदीकडे पाहिलं. मधोमध एक होडी उभी होती, आत घरची माणसं बसलेली, तिच्याकडे तोंड करून, हसरी. नावाड्याने वल्हं उचललेलं होतं. वल्ह्याच्या टोकाला थेंब लोंबत होता, आणि पडत नव्हता.

ती ओरडली, "या ना! तुमच्यासाठीच थांबलेय!"

आणि तेव्हा, स्वप्नात कळतं तसं, सगळं एकदम कळलं. त्यांनी यायचं तर वल्हं पाण्यात पडायला हवं. वल्हं पडायचं तर हिची मूठ उघडायला हवी. आणि मूठ ती त्यांच्या येण्यासाठीच मिटून बसली होती. अशी ती बसली असती तर पाणी हवेतच राहिलं असतं, कुत्र्याची जांभई कधी संपली नसती, आणि गाव हिच्या शिष्टाचारात गुदमरून मेलं असतं.

तिने मूठ उघडली. थेंब पडला. मागे कुठेतरी बाईने फेकलेलं पाणी मातीवर सपकन आपटलं.

परत जाताना तिने वळून पाहिलं. नुसतं तेच घर नाही, ती गल्लीच्या गल्ली बंद होती. सगळ्या दोऱ्यांवर कपडे, सगळ्या कठड्यांवर कुंड्या, आणि एकही माणूस नाही. तिला वाटलं, एक घर गावाला जातं, मान्य. पण अख्खी गल्ली एकाच वेळी कुठे जाते? आणि तिला कोण घालवतं?

गालावर लापाचोचं फूल पडलं आणि ती जागी झाली.

*

"फाब्रिसिओ, तुझ्या मशीनवर जागा किती आहे?"

"कुठली, स्मृतीची? भरपूर. का?"

"म्हणजे तुझ्याकडे सगळे कायम घरीच. तिथे कोणीही शहाणा पाहुणा ठरतो. तुझा मैनुंबी कधी कोणाच्या दारात थांबलाच नाही, कारण थांबायची पाळीच आली नाही. जागा कमी कर. नदीच्या मशीनइतकी कर, आणि मग चालव."

तो कुरकुरत गेला. थोड्या वेळाने त्याच्या खोलीतून काहीच आवाज येईना, तेव्हा ती दारात जाऊन उभी राहिली. पडद्यावरचा बाण मध्यावर खिळला होता. पंखा तेवढा फिरत होता.

"चे," तो हळूच म्हणाला, "गोठलं."

"थांब जरा. बोलावलंयस ना पान? येईल."

"कळलं गं."

"तूच दार अडवून बसलायस, ते येणार कुठून?"

"कळलं म्हटलं ना, चामिगो! आता तेरेरे करू की अजून दोन टोमणे शिल्लक आहेत?"

"दोन आहेत. नंतर देईन."

मग दोघांनी नदीच्या मशीनचा अहवाल पुन्हा उघडला. इतके दिवस एलीदा करडे ठिपके बाजूला सारून रंगीत पट्ट्या वाचत होती, जसं लोक तांदूळ निवडताना खडे बघतात आणि टाकतात. आता तिने उलट केलं. रंगीत सगळं झाकलं आणि फक्त खडे मांडले, कोणत्या प्रोग्रामचे आणि दिवसाच्या कोणत्या वेळचे.

ते विखुरलेले नव्हतेच. जवळजवळ सगळे एकाच प्रोग्रामचे होते. घंटा वाजवणाऱ्या. आणि सकाळी एखाददुसरा, सिएस्ता लागला की दाट, संध्याकाळपर्यंत दाटच.

"गल्ली," एलीदा म्हणाली.

"कसली गल्ली?"

"आपण विचारत बसलो, त्या पानावर काय लिहिलंय. विचारायला हवं होतं, ते घरी का नाही. मैनुंबीला पान सापडत नाही तेव्हा घंटेच्या प्रोग्रामला तरी कुठे सापडतंय? त्यालाही ते डिस्कवरून आणावं लागतं. त्याला थांबता येतं, एवढाच फरक. आणि तो थांबतोय, फाब्रिसिओ. पाऊण तास तो आपली पानं गोळा करत थांबला होता."

"मग त्याला घराबाहेर काढतंय कोण?"

एलीदाने रंगीत पट्ट्यांवरचं झाकण काढलं. सिएस्ताच्या वेळेत एक पट्टी सगळ्यांत रुंद होती. नाव वाचून फाब्रिसिओने शीळ घातली.

*

लिसेन्सिआदो आले तेव्हा त्यांच्या गालावर उशीची वेलबुट्टी उमटलेली होती.

"सिएस्तात मशीनवर काय चालतं, लिसेन्सिआदो?"

"काहीही नाही. गाव झोपलेलं असतं. म्हणून तर मी माझं संग्रहालय त्या वेळेला लावलंय." त्यांचा चेहरा उजळला. "त्र्याऐंशीच्या पुराचे फोटो! लोकांच्या ट्रंकांतून गोळा केलेत. प्रोग्राम एकेक फोटो घेतो, डाग काढतो, मोठा करतो. रिकाम्या मशीनवर, कोणाला त्रास न देता."

"घंटेचा प्रोग्रामही दुपारी डुलकी घेतो. नदीकडून काही येत नसतं, करणार काय? तो झोपला की गाभ्याला वाटतं याला जागा लागत नाही. तुमचे फोटो येतात, याच्या खाटेवर बसतात, याला उचलून डिस्कवर ठेवतात. सिएस्ता संपला की वरच्या गावांतली माणसं उठतात, सगळे एकदम पाण्याची उंची पाठवतात. हा धडपडत घरी यायला बघतो. एक पान आत आणतो, तोवर फोटोंनी दोन बाहेर काढलेली असतात."

लिसेन्सिआदोंनी अहवाल जवळ ओढून करड्या ठिपक्यांवरून बोट फिरवलं. ते बचाव करतील, मेहुण्याचं नाव घेतील, असं एलीदाला वाटत होतं. पण माणूस शेवटी इतिहासाचा मास्तर.

"म्हणजे," ते सावकाश म्हणाले, "जुन्या पुराने नव्या पुराची घंटा अडवली."

वाक्य त्यांना इतकं आवडलं की अपराधाचं दुःख निम्मं तिथेच विरलं.

"अहवालात मात्र असं नको हं लिहू. 'मशीनवर भार होता' असं लिही."

"कोणाचा?"

"भाराला नाव कशाला हवं?"

एलीदाने नाव लिहिलं, पण छोट्या अक्षरांत. गावात राहायचं होतं.

त्याच संध्याकाळी संग्रहालय लिसेन्सिआदोंच्या घरच्या मशीनवर गेलं. त्यांच्या बायकोने तक्रार केली की दुपारी पेटी गुरगुरते. एलीदाने घंटेच्या प्रोग्रामची पानं जागच्या जागी अशी खिळवली की आता गाभ्यालाही ती हलवता येणार नव्हती. मैनुंबी पुन्हा सोडला. अहवालात करडे ठिपके अजून होते, थोडे, इकडेतिकडे. घंटेच्या नावावर एकही नव्हता.

*

मोठं पाणी सिएस्तातच आलं. नदीला रीतभात नसते.

वर गुरं भिजवून आलेलं ते तांबूस पाणी आवाज न करता वाढत होतं. जलपर्णीची हिरवी बेटं त्यावरून सरकत होती, आणि खिडकीतून बघणाऱ्याला वाटावं, नदी जागेवर आहे आणि गावच कुठेतरी निघालंय. वरच्या गावात त्या दुपारी कोणी झोपलं नव्हतं; तिथून उंची आली, आणि घंटा वाजली. लगेच. फाब्रिसिओने मूठ हवेत उडवली आणि कोणी बघत नाही ना म्हणून खाली घेतली.

काठावरच्या घरांतून उत्तरं यायला लागली: निघालो. निघालो. म्हशीसारखी सासू आहे, पण निघालो. ज्यांचं उत्तर आलं नाही त्यांना एलीदा स्वतः फोन करत होती, आणि ज्यांनी फोनही उचलला नाही त्यांची नावं साबिनाला कळवत होती. साबिनाची होडी काठाकाठाने जात होती.

डॉन क्रिस्पीनचं उत्तर आलं नव्हतं.

तिने फोन लावला. वाजला. वाजत राहिला. तिच्या कानात तो त्या घरात वाजताना ऐकू येत होता, टेबलावर, भिंतीशी, खाटेखाली. तिने बंद करून पुन्हा लावला. वाजत राहिला. समोर उरलेली नावं होती. त्या घरांतली माणसं कदाचित अजून झोपलेली होती, आणि काठासाठी फोनची लाइन एकच होती, ती तिच्या हातात.

फाब्रिसिओ तिच्याकडे बघत होता.

अजून एकदा वाजू दे, असं तिला वाटलं. अजून एकदाच. ते उठत असतील. पायांत काही घालत असतील.

तिने फोन ठेवला. साबिनाला सांगितलं, "शेवटचं घर. उत्तर नाही." मग तिने पुढचं नाव लावलं. एक बाई झोपेत बोलली, आणि एलीदाने तिला उठवलं. मग आणखी एक घर. मग आणखी एक.

खिडकीबाहेर पाणी घाटाच्या वरच्या पायरीवर येऊन निवांत टेकलं होतं, चहाला आलेल्या शेजारणीसारखं.

यादी संपली तेव्हा रेडिओ खरखरला.

"एलीदा, शेवटच्या घराशी आहे. पाणी खिडकीला लागलंय."

"आत बघितलंस?"

"आत जाऊन बघितलं. टेबलावर, माळ्यावर, सगळीकडे. घरात कोणी नाही." इंजिनाचा आवाज येत होता. "त्यांच्या होडीची दोरी सोडलेली आहे. कापलेली नाही, सोडलेली. आणि चे, कोंबड्यांचं खुराडं उघडं आहे. आत एकही नाही."

एलीदाने रेडिओ कानाशी घट्ट धरला.

"ऐकतेस ना? एकही नाही म्हटलं."

"ऐकतेय," एलीदा म्हणाली. ती हसायला लागली होती, आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. "त्या दहा कोंबड्या पकडायला पपांना अर्धा तास लागतो. तेवढा वेळ मिळाला त्यांना."